मलाको की मोलोको: जर्मनीतल्या एका रशियन शनिवारशाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही शाळा जर्मनीच्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात, ऱ्हाइनकाठच्या एका मध्यम शहरात आहे. शहर कुठलं ते सांगत नाही, माणसांची नावं घेत नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत. घटनांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे.

शाळा फक्त शनिवारी, साडेनऊ ते दीड. सोमवार ते शुक्रवार मुलं जर्मन शाळेत असतात. अशा शाळा इथे बहुधा ‘फेराइन’ म्हणजे नोंदणीकृत मंडळ म्हणून चालतात. सात सभासद जमले की नोंदणी होते. पुढची भांडणं आपल्या मंडळांसारखीच. खोल्या नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेच्या, भाडं नावापुरतं. शिक्षिकांचं मानधन वर्षाला ३००० युरोच्या आत ठेवलेलं, कारण अशा कामाच्या तेवढ्या मानधनावर तेव्हा कर लागत नसे. पोटासाठी इथे कोणी शिकवत नव्हतं.

लहान गटात एकाच वेळी दोन बाई असतात. एक फक्त जर्मन बोलणार, दुसरी फक्त रशियन. मुलाने दुसरीला जर्मनमध्ये काही विचारलं तरी उत्तर रशियनमध्येच मिळतं. मोठ्यांना रशियन वाचन-लेखन, रशियनमधून गणित आणि परिसर अभ्यास. बर्लिनमध्ये १९९२ पासून सरकारी ‘युरोपा शाळा’ आहेत, तिथे निम्मे विषय जर्मनमधून आणि निम्मे रशियनमधून शिकायची सोय आहे. त्यांच्यापुढे आठवड्याचे चार तास म्हणजे काहीच नाही. पण सव्वाशे मुलं यायची, आणि पालक पाऊण तास गाडी चालवून आणायचे.

‘रशियन शाळा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मॉस्को, पीटर्सबर्ग येतं. इथे तिकडची माणसं सगळ्यात कमी. सगळ्यात जास्त मुलं कझाकस्तान आणि सायबेरियातून आलेल्या जर्मन वंशाच्या घरांतली. महाराणी कॅथरीनने अठराव्या शतकात जर्मन शेतकऱ्यांना व्होल्गाकाठी बोलावून वसवलं. २८ ऑगस्ट १९४१ च्या हुकुमाने त्यांच्या वंशजांना उचलून पूर्वेला टाकलं गेलं, आणि सोव्हिएत संघ मोडकळीला आल्यावर वीस लाखांहून अधिक जण जर्मनीत परतले. आजीचा जन्म कझाकस्तानातल्या कारागांडाचा, पासपोर्ट जर्मन, आणि नातवावर ओरडायची भाषा रशियन. दुसरा गट युक्रेनमधल्या ओडेसा, निप्रो, कीव्हकडच्या ज्यू कुटुंबांचा. १९९१ पासून जर्मनीने त्यांना खास योजनेखाली घेतलं. तिसरा गट रशियन आई आणि जर्मन बाबा अशा घरांचा.

मी यातली कुठलीच नाही. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले, लग्नानंतर इकडे आले, आता नव्याने येणाऱ्यांना जर्मन शिकवते. शाळेत मी आधी मोठ्या मुलांना व्याकरणात मदत करायला जायचे. रशियन रिवाजाने शिक्षिकेला नाव आणि वडिलांच्या नावावरून केलेलं नाव लावून हाक मारतात. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या बाबांचं नाव विचारलं, आणि ‘अरुण’ ऐकून मला ‘अरुणोव्ना’ करून टाकलं. बापाचं नाव मधे लावायची सवय आपल्याला आहेच, त्यामुळे परकं वाटलं नाही.

मुलांच्या अडचणी मजेशीर असत. लॅटिन लिपी डोक्यात बसल्यामुळे रशियन लिपीत लिहिलेलं ‘रेस्तोरान’ ती बिनधास्त ‘पेक्टोपाह’ असं वाचत, कारण अक्षरं दिसायला तीच आणि उच्चार वेगळे. गुणांचा घोळ त्याहून भारी. रशियन पद्धतीत पाच म्हणजे उत्तम, दोन म्हणजे नापास. जर्मन शाळेत एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे बोंबच. एका जर्मन बाबांनी मुलीच्या वहीत ओळीने चार ‘पाच’ पाहिले आणि गंभीर चेहऱ्याने भेटीची वेळ मागितली.

पण मुख्य दुखणं शुद्धलेखनाचं होतं. रशियनमध्ये ज्या ‘ओ’वर जोर नाही तो ‘अ’सारखा ऐकू येतो. दूध लिहायचं ‘मोलोको’, म्हणायचं ‘मलाको’. जर्मनीत वाढलेली मुलं घरी ऐकलेलं तसंच उतरवत, म्हणून पानभर ‘मलाको’. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचं होतं तसंच. हे दूध पुढे परत येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

अडचण कुठून सुरू झाली

२४ फेब्रुवारी २०२२ चा गुरुवार. पहाटे रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ऱ्हाइनकाठी त्याच दिवशी कार्निव्हलची सुरुवात होती, त्यामुळे पुढचा शनिवार शाळेला सुटी. ही सुटी आली नसती तर तिसऱ्याच दिवशी सगळे पालक एकाच दारात समोरासमोर आले असते. सोमवारी कोलोनमध्ये कार्निव्हलच्या मिरवणुकीऐवजी प्रचंड शांतता मोर्चा निघाला. शाळेतल्या काही जणी त्यात होत्या. काही जणींनी त्या आठवड्यात फोनच उचलला नाही.

पुढचा शनिवार ५ मार्च. पंचांगानुसार तो ‘मास्लेनित्सा’चा आठवडा: थंडीला निरोप द्यायचा, घावनांच्या कुळातले ब्लिनी खायचे आणि शेवटी गवताची बाहुली जाळायची. बाहुली आठ दिवस आधीच तयार होऊन खोलीच्या कोपऱ्यात उभी होती, लाल रुमाल बांधून. शुक्रवारी रात्री मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. “अरुणोव्ना, त्या बाहुलीचं काय करू?” पटांगणात काहीतरी पेटवायचं आणि भोवती मुलं टाळ्या वाजवतायत, हे चित्र दोघींनाही सोसेना. ब्लिनी ठेवले, बाहुली तळघरात गेली. दुसऱ्या दिवशी ओडेसाच्या एका आजींनी ताट हातात घेतलं, खाली ठेवलं, आणि नातवाचा कोट शोधू लागल्या.

मार्चच्या तीन आठवड्यांत चार गोष्टी अंगावर आल्या. नगरपालिकेचं सभ्य पत्र आलं: आपल्या मंडळाची या युद्धाबाबत भूमिका काय, ती कळवावी. खोल्या कोणाच्या आहेत हे लिहिण्याची गरज नव्हती. दाराजवळच्या पाटीवर कोणीतरी रंग फासला. पालकांच्या फोनवरच्या गटात रोज शंभर-दोनशे संदेश पडू लागले आणि त्यात भाषा शिक्षणाबद्दल एकही नव्हता.

चौथी गोष्ट अशी की मार्च संपताना तीन बाया दारात उभ्या राहिल्या, मुलांसह. युक्रेनहून आलेल्या: दोघी खार्किवच्या, एक मारिउपोलची. घरात रशियन बोलणाऱ्या. त्यातल्या एकीने जे मागितलं ते मी तेव्हाच वहीत टिपून ठेवलं: मुलाला चार तास अशा ठिकाणी बसू द्या जिथे आजूबाजूचं बोलणं त्याला कळेल. बाकी काही शिकवलं नाही तरी चालेल.

समोरचे पर्याय

कार्यकारिणीने मला पर्यायांचं टिपण करायला सांगितलं. कारण एवढंच की मला रशियन येतं आणि मी कोणाचीच नाही. चार बैठका झाल्या, सगळ्या रात्री नऊनंतर.

सहा महिने शाळा बंद ठेवावी, असं खजिनदारांचं मत होतं. वादळ जाऊ द्या, मग बघू. पण एकदा मोडलेली शनिवारची सवय परत लागत नाही, हे करोनाच्या दोन वर्षांत सगळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय बंद करणं हेही उत्तरच झालं असतं, आणि दोन्ही बाजूंनी त्याचा आपापल्या सोयीचा अर्थ लावला असता.

दुसरा मार्ग राज्य सरकारच्या वर्गांचा. या राज्यात शाळाखात्यातर्फे ‘मूळ भाषेचे’ वर्ग चालतात, शिक्षकाचा पगार सरकारचा, आणि रशियन त्यात आहे. मुलांना तिकडे पाठवून मंडळाने फक्त सणवार करावेत, अशी सूचना आली. कागदावर ती उत्तम होती. पण ते वर्ग शालेय वयाच्या मुलांचे, तेही जर्मन शाळेच्या वेळेला जोडून; चार-पाच वर्षांच्या दुभाषी गटाला तिथे जागाच नव्हती, आणि शाळेचा जीव तर त्याच गटात होता.

मुख्याध्यापिकाबाईंचा कल ‘आम्ही भाषा शिकवतो, राजकारण नाही’ याकडे होता. हे वाक्य त्या तीस वर्षं म्हणत आल्या होत्या आणि मनापासून म्हणत होत्या. तेव्हा मलाही ते पटलं होतं. आता वाटतं, या चौथ्या बैठकीपर्यंत आम्हाला खरा प्रश्नच दिसला नव्हता. प्रश्न बोलण्याचा नव्हता, कपाटाचा होता.

कपाटात मॉस्कोहून आलेली पुस्तकं होती. २०१५ च्या सुमारास एका सरकारी प्रतिष्ठानाकडून पहिल्या पेट्या आल्या. चकचकीत, रंगीत, फुकट. वाचनपाठ, सुलेखनाच्या वह्या, परिसर अभ्यास, भिंतीवरचे नकाशे. एकदा वार्षिक महोत्सवाला थोडे पैसेही आले. कोणी काही अट घातली नव्हती. पेट्या आल्या तेव्हा कार्यकारिणीत चर्चा झाली ती फक्त त्या ठेवायच्या कुठे याची; इतिवृत्तात तेवढी एकच ओळ आहे. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात क्रिमिया, म्हणजे रशियाने २०१४ मध्ये युक्रेनकडून बळकावलेला भाग, रशियाच्या रंगात रंगवलेला होता. २०१४ नंतर छापलेल्या रशियन शालेय पुस्तकांत तो तसाच असतो. सात वर्षं सव्वाशे मुलांनी ते पान उलटलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, निदान कोणी बोललं नाही.

मग चौथा पर्याय आकाराला आला: युद्धाचा निषेध करणारं पत्र द्यायचं, मॉस्कोशी असलेला पैशाचा आणि पुस्तकांचा धागा तोडायचा, नाव बदलायचं, आणि युक्रेनहून आलेल्या मुलांना घ्यायचं. पाच विरुद्ध दोन मतांनी तो मंजूर झाला. त्या दोघांपैकी एक नंतर राजीनामा देऊन गेले. दुसऱ्या बाई अजून आहेत आणि अजूनही दर बैठकीत सांगतात की पत्र देऊन आपण वाकलो.

काय केलं

पत्र तीन वाक्यांचं झालं. ‘युक्रेनवर केलेला हल्ला’ हे शब्द त्यात असावेत की ‘युक्रेनमधली परिस्थिती’, यावर दीड तास गेला. हल्ला राहिला.

पैशाचा धागा मार्चमध्येच तोडला ते बरं झालं. २१ जुलै २०२२ ला युरोपीय संघाने ‘रुस्की मीर’ प्रतिष्ठान आणि ‘रोस्सोत्रुदनिचेस्त्वो’ या दोन्ही रशियन सरकारी संस्थांना निर्बंध यादीत टाकलं. परदेशातल्या रशियन शाळांना मदत पोचते ती मुख्यतः अशाच संस्थांमधून. जुलैपर्यंत थांबलो असतो तर ते आपल्या मर्जीने तोडलं, असं म्हणता आलं नसतं.

नाव बदलताना एक गंमत झाली. रशियनमध्ये दोन वेगळी विशेषणं आहेत. ‘रूस्की’ म्हणजे रशियन भाषेचं, संस्कृतीचं. ‘रस्सीस्की’ म्हणजे रशिया या देशाचं, राज्याचं. शाळेच्या रशियन नावात पहिल्यापासून ‘रूस्की’च होतं, त्यामुळे आजी-आजोबांना बदलायचं कारणच कळेना. जर्मनमध्ये मात्र दोन्हींना एकच शब्द, ‘रुसिश’. मराठीतही आपण दोन्हीला रशियनच म्हणतो. म्हणजे गैरसमज जर्मन पाटीमुळे होता. म्हणून फक्त जर्मन नाव बदललं: ‘रुसिश’चं ‘रुसिशश्प्राखिग’, म्हणजे रशियनभाषी. पाटी नवीन, खालचं रशियन नाव जसंच्या तसं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात इतका नेमका निर्णय दुसरा झाला नाही, आणि त्याला खर्च आला तो फक्त पाटीचा.

पुस्तकांत मात्र आम्ही चुकलो, आणि ती चूक माझी. सगळी पुस्तकं एकदम काढली तर एप्रिलमध्ये शिकवायचं कशातून? मी सुचवलं की नकाशाच्या पानावर पांढरा स्टिकर चिकटवू. एका शनिवारी दुपारी चौघींनी मिळून साठ पुस्तकांवर स्टिकर लावले. पुढच्या शनिवारी दुसऱ्या तासापर्यंत निम्मे निघालेले होते. तोपर्यंत ज्या पानाकडे एकाही मुलाने पाहिलं नव्हतं, ते आता शाळेतलं सगळ्यात लोकप्रिय पान झालं. स्टिकरखाली काय आहे हे नखाने खरवडून पाहताना एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, “नुसता नकाशाच आहे.” शेजारचा खार्किवचा होता. त्याने बोट ठेवून दाखवलं की हा तुकडा आमचा. दोघं नऊ-दहा वर्षांचे. भांडण झालं नाही, पण बाईंना काय बोलावं ते सुचलं नाही, आणि ‘वर्गात राजकारण नाही’ या नियमाचा तिथेच निकाल लागला. दुपारी सगळी पुस्तकं पेटीत भरली.

त्यानंतर दोन महिने शिक्षिकांनी स्वतः चिठ्ठ्या, चित्रं, लोककथा, भाज्यांच्या दुकानाची बिलं वगैरे जमवून पाठ केले. जर्मनीत आणि इस्राएलमध्ये, घरी रशियन बोलणाऱ्या मुलांसाठी छापलेली पुस्तकंही मिळतात, ती हळूहळू विकत घेतली. त्यासाठी शुल्क वाढवावं लागलं.

आता दूध. युक्रेनच्या मुलांचा वेगळा वर्ग करावा की त्यांना आहेत त्याच वर्गांत बसवावं, यावर शिक्षिकांत दोन तट होते. वेगळा वर्ग सुरक्षित वाटत होता. पण खोलीच नव्हती, म्हणून नाइलाजाने एकत्र बसवलं. पहिल्याच श्रुतलेखनात खार्किवच्या एका मुलीने ‘मोलोको’ अगदी बरोबर लिहिलं. शेजारची, जर्मनीत जन्मलेली, नेहमीसारखं ‘मलाको’ लिहून मोकळी. बाईंनी विचारलं, तुला कसं आलं? मुलीने सांगितलं: शाळेत तसंच म्हणतात. युक्रेनीतही दूध म्हणजे मोलोकोच, लिहायला तसंच, पण तिथे प्रत्येक ‘ओ’ स्वच्छ ‘ओ’ म्हणूनच उच्चारतात. २०१७ च्या शिक्षण कायद्यानंतर युक्रेनमधल्या रशियन माध्यमाच्या शाळा २०२० पासून युक्रेनी माध्यमाकडे वळल्या होत्या. म्हणजे ही मुलगी घरी रशियन बोलत होती, पण लिहायला शिकली होती युक्रेनीत. उलट, ‘ई’ लिहायची वेळ आली की ती युक्रेनी सवयीने टिंबवाला उभा दांडा काढायची, आणि रशियन ‘ई’चं अक्षर वाचताना तिचा उच्चार दुसरीकडेच जायचा, कारण तेच अक्षर युक्रेनीत वेगळ्या स्वराला वापरतात. तिथे शेजारची तिला दुरुस्त करायची.

ही गोष्ट मुख्याध्यापिकाबाईंनी पकडली. त्यांनी जोड्या लावल्या: एक इथलं मूल, एक तिकडचं. शुद्धलेखन जोडीने तपासायचं, युक्रेनी रूप शेजारी लिहायला परवानगी. युक्रेनी लिहिणं ही चूक नाही, ती दुसरी भाषा आहे, एवढंच सांगायचं. तीस वर्षं रशियन शिकवलेल्या बाईंना ते सोपं गेलं नसणार. एकदा त्या मला म्हणाल्या, “मी आयुष्यभर हिला चूक म्हणून लाल रेघ मारली असती.”

एक तास मला विसरता येत नाही. जुन्या सोव्हिएत अंकलिपीत हमखास असणारं एक वाक्य आहे, ‘मीरु मीर’. रशियनमध्ये ‘मीर’ म्हणजे शांतताही आणि जगही. १९१८ च्या लिपीसुधारणेआधी दोन्ही वेगळ्या ‘ई’ने लिहीत, नंतर एकच झालं. चतुर्थी विभक्ती समजावायला वाक्य सोयीचं: जगाला शांतता. खार्किवच्या त्या मुलीने हात वर केला. आमच्याकडे शांतता म्हणजे ‘मिर’ आणि जग म्हणजे ‘स्वीत’. मग यातलं कुठलं काय, ते कसं ओळखायचं? प्रश्न निव्वळ व्याकरणाचा होता. बाईंनी फळ्यावर प्रत्ययाखाली रेघ ओढली, खडू खाली ठेवला आणि खिडकी उघडायला गेल्या.

नववा मे

याला वेगळं शीर्षक द्यावं लागतंय, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे दुखावली.

दरवर्षी ९ मेच्या आसपास शाळेत विजयदिनाचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने जर्मनीवर मिळवलेल्या विजयाचा कार्यक्रम व्हायचा. युद्धकाळची गाणी, छातीवर त्या विजयाचं चिन्ह म्हणून काळ्या-केशरी फिती, मुलांच्या हातात पणजोबांचे फोटो. फोटो घेऊन चालायची ही पद्धत २०१२ मध्ये तोम्स्क शहरात सुरू झाली आणि पाहता पाहता सरकारी सोहळा बनली. फितीवर युक्रेनने २०१७ मध्येच बंदी घातली होती. २०२२ च्या मेमध्ये बर्लिनच्या सोव्हिएत स्मारकांवरही ती लावायला मनाई झाली.

कार्यकारिणीने कार्यक्रम रद्द केला. निर्णय बरोबर होता, कळवायची पद्धत भयंकर. रात्री अकरा वाजता दोन ओळींचा ईमेल गेला. आजी-आजोबांपैकी निम्मे ईमेल वाचत नाहीत. शनिवारी, ७ मे रोजी, चार आजोबा पदकं लावून, नातवंडांना इस्त्रीचे कपडे घालून हजर. दाराशीच त्यांना सांगावं लागलं. त्यातले एक काहीच बोलले नाहीत. त्यांनी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला, नातीचा हात धरला आणि परत फिरले. ती मुलगी पुन्हा आली नाही.

आम्ही हे धरून चाललो होतो की रद्द करण्याने युक्रेनी पालकांना बरं वाटेल. पण खार्किवच्या त्या आईने मला विचारलं की माझ्याही आजोबांचा फोटो आहे, ते त्याच सैन्यात होते, त्यांना कुठे ठेवायचं? आणि कारागांडावाल्या एका आजीने आजवर कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. इतकी वर्षं ती त्या कार्यक्रमाला शेवटच्या रांगेत बसायची, कारण तिचे वडील सैन्यात नव्हतेच. जर्मन म्हणून त्यांना ‘त्रुदार्मिया’त, सक्तीच्या मजुरीच्या छावणीत टाकलं होतं. त्यांचा फोटोही नाही. म्हणजे २०२२ च्या आधीही हा सण सगळ्यांचा नव्हता. आम्ही विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी फिती, गाणी, पदकं काही नाही. मेच्या पहिल्या शनिवारी ज्याला सांगायचंय त्याने आपल्या घरातल्या एका माणसाबद्दल पाच मिनिटं सांगायचं, रशियन, जर्मन, युक्रेनी, कुठल्याही भाषेत. अकरा जण बोलले. कारागांडावाली आजी तिसरी.

निष्पन्न

विसेक मुलं शाळा सोडून गेली. काहींच्या पालकांना पत्र फार कडक वाटलं, काहींना फार मिळमिळीत, आणि काही युक्रेनी आयांना ‘रशियन’ शब्द असलेल्या पाटीखालून मुलाला आत पाठवणंच जमेना. त्यांना समजावायला कोणी गेलं नाही आणि जाऊही नये. वर्षभरात तेवढीच नवी मुलं आली, थोडी जास्तच. नगरपालिकेने खोल्या ठेवू दिल्या. मारिउपोलची ती आई शिक्षिका निघाली. २०२३ पासून त्याच इमारतीत शनिवारी शेवटचा तास युक्रेनीचा आहे, तिला जर्मनीत वाढलेली पाच-सहा मुलंही बसतात.

भाषेच्या दृष्टीने पाहिलं तर जोड्यांचा प्रयोग फळला. शुद्धलेखन सुधारलं, पण त्याहून मोठा फायदा वेगळाच झाला. इथली मुलं मधल्या सुटीत आपापसांत जर्मनमध्येच बोलत असत. सगळ्या अशा शाळांचं हे रडगाणं आहे, आपल्या रविवारच्या मराठी शाळांचंही. आता शेजाऱ्याला जर्मन येत नाही म्हटल्यावर रशियन बोलण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. वर्षभराने नव्या मुलांना जर्मन आलं आणि पटांगणात पुन्हा जर्मन सुरू झालं. तेवढं एक वर्ष मात्र मिळालं.

वेगळं काय करता आलं असतं

ईमेलबद्दल वर लिहिलंच आहे. चार आजोबांना चार फोन, एवढंच काम होतं.

स्टिकर लावायच्या आधी मी मोठ्या वर्गातल्या मुलांना विचारायला हवं होतं. नंतर विचारलं तेव्हा तेरा वर्षांच्या एका मुलीने सरळ सांगितलं की नकाशा झाकू नका, दोन देशांत छापलेले दोन नकाशे शेजारी ठेवा, आम्हाला वाचता येतं. ते आम्ही आता करतो.

पण माझ्या दृष्टीने खरा निर्णयाचा क्षण २०२२ मधला नव्हताच. तो २०१५ मधला होता, फुकट पेट्या उतरवून घेतल्या त्या दिवशीचा. तेव्हा कोणी एकानेही पुस्तकं उघडून पाहिली असती, निदान पाठवणाऱ्याला आपल्याकडून काय हवंय असं विचारलं असतं, तर सात वर्षांनी घाईघाईत दुसरी पुस्तकं शोधायची वेळ आली नसती. हे मी मुख्याध्यापिकाबाईंना बोलले. त्या म्हणाल्या, तेव्हा आमच्याकडे चाळीस मुलांत सहा पुस्तकं होती, अरुणोव्ना. तू असतीस तर परत पाठवली असतीस का? मी गप्प बसले. ऐंशीच्या दशकात पुण्यात माझ्या आईने ‘रादुगा’ आणि ‘प्रगती’ या मॉस्कोच्या सरकारी प्रकाशनांची गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तकं दोन-दोन रुपयांना घेतली होती, आणि कोण पाठवतंय हे तिनेही विचारलं नव्हतं. मी रशियन शिकायला गेले ती त्या पुस्तकांमुळेच.

पेट्या अजून तळघरात आहेत, गवताच्या बाहुलीशेजारी. फेकायच्या, जाळायच्या, की एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यायच्या, यावर तीन बैठकांत ठराव झालेला नाही. इमारतीचा रखवालदार दर महिन्याला विचारतो, हे सामान कधी हलवणार. मागच्या शनिवारी त्याला सांगितलं, पुढच्या बैठकीत.